मोरूदादाचं वाण

मी शेतावर पोचले तेव्हा वहिनी कळ्या बांधत होती.

उन्हं कलली होती. डोक्याला दादाचा जुना दुपट्टा गुंडाळलेला, गळ्यात सुताचं रीळ अडकवलेलं, आणि कमरेत वाकून ती एकेका झाडाशी थांबत होती. कपाशीची उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखू येते. ती हिरव्या पात्यांतून बोटभर वर येते आणि दुधासारखी दिसायला लागते. तिच्या टोकाला दोऱ्याचा वेढा घालायचा, गाठ मारायची. मग सकाळी पाकळ्या उघडत नाहीत, मधमाशी आत शिरत नाही, आणि झाड स्वतःच्याच परागावर बोंड धरतं. बी शुद्ध राहतं ते असं.

"आज मधेच कशी आली?" मान वर न करता वहिनीनं विचारलं.

"सहज."

"सहज तू कधी आली रजनी? जेवली का?"

मी जेवले नव्हते, तरी हो म्हटलं. खांद्यावरच्या पिशवीत प्लास्टिकच्या लहान नळ्या होत्या आणि कागदी पट्ट्यांची डबी होती. नागपूरहून आर्वीपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात मी वाक्यं जुळवत आले होते. आता त्यातलं एकही आठवेना.

"वहिनी, जरा विहिरीपाशी बसू या का?"

तेव्हा तिनं वर पाहिलं. हातातली कळी बांधून पूर्ण केली, दोरा दातानं तोडला, आणि माझ्या पुढे चालायला लागली.

मोरेश्वर, म्हणजे आमचा मोरूदादा, माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तो कृषी महाविद्यालयात कपाशीची पैदास शिकवायचा. वर्गात शिकवलं की सायकल काढून शेतावर यायचा आणि अंधार पडेपर्यंत झाडांशी बसायचा. सारं आयुष्य घालून त्यानं एक वाण निवडत आणलं होतं. संकरित नव्हे, शेतकऱ्यानं एकदा घेतलं की दरवर्षी आपल्याच घरचं बी पेरावं असं सरळ वाण. मुळं खोल जायची, पावसानं ताण दिला तरी झाड मान टाकत नसे. पानांना खालून दाट लव होती, मांजराच्या कानासारखी, म्हणून तुडतुडे बसत नसत. दादानं त्याला नाव दिलं नव्हतं. गावातले लोकच त्याला मोरूभाऊचं वाण म्हणत.

आजूबाजूच्या सगळ्या शिवारात तोवर बीटी आलं होतं. अळीला मारणारं जनुक आत घातलेलं बियाणं. पहिली काही वर्षं लोक त्यावर खूष होते आणि तसं कारणही होतं. फवारण्या कमी झाल्या, बोंडं भरली. दादा त्याविरुद्ध कधी भाषण देत नसे. मी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, तेव्हा आमचं यावर पुष्कळ बोलणं व्हायचं. मी म्हणायचे, "दादा, त्यानं अजून कुणी माणूस मेला नाही." तो म्हणायचा, "मी कुठं म्हणतो मेला म्हणून? पण पन्नास वर्षांनी काय होईल ते तुलाही माहीत नाही अन् मलाही नाही. एक वावर तरी असं राहू दे, जिथून मागं फिरता येईल."

तो होता तोवर दरवर्षी माझ्याकडे पानं पाठवायचा आणि मी तपासून सांगायचे. स्वच्छ. दरवर्षी स्वच्छ. तो गेल्यावर वहिनीनं पानं पाठवली नाहीत. मी एकदोनदा विचारलं, तर म्हणाली, "बांधते ना मी कळ्या. कशाला उगीच तुला त्रास?" ती गावच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, कामाची चोख. मला पटलं.

त्या साली तालुक्यातल्या सेंद्रिय कापूसवाल्यांच्या गटानं ठरवलं, पुढच्या हंगामाला मोरूभाऊचं बी घ्यायचं. बोंडअळी आता बीटीलाही दाद देत नव्हती. गुलाबी अळी सगळीकडे बोंडं आतून पोखरत होती, लोक पुन्हा फवारे घेऊन फिरत होते, फवारता फवारता दवाखान्यात पोचत होते. दादा जे म्हणायचा ते मागं फिरणं लोकांना आता हवं होतं. गटाच्या नियमाप्रमाणे बियाण्याचा नमुना तपासणीला आला. तो माझ्याच टेबलावर आला.

विहिरीच्या काठावर बसून मी वहिनीला ते सांगितलं. "त्यात बीटी आहे वहिनी."

ती हातातलं रीळ फिरवत राहिली.

"थोडं?"

"थोडं नाही."

"दोनदा पाह्यलं का?"

"तीनदा. शेवटच्या वेळी दुसऱ्या मुलीला करायला लावलं. नमुना कुणाचा ते न सांगता."

धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या पलीकडे, गुणवंत मोहोडांचं शेत होतं. तिथली बीटी कपाशी माणसाच्या छातीला लागेल इतकी वाढलेली. वहिनी तिकडे पाहत म्हणाली, "काठाच्या झाडांवरून आलं असेल. गटाला नमुना दिला तो सगळ्या वावराचा मिळून दिला. मधल्या ओळी वेगळ्या आहेत."

मधल्या ओळी म्हणजे वाणाचं मूळ. शेताच्या पोटात, चारी बाजूंनी बाकीची कपाशी ठेवून, दादा ज्या थोड्या ओळी राखायचा त्या. फक्त तिथल्याच कळ्या बांधल्या जात आणि फक्त तिथलंच बी पुढच्या वर्षाच्या मूळ ओळींसाठी ठेवलं जाई. त्या शाबूत असल्या तर काठाचं सगळं शेत उपटून टाकलं तरी काही बिघडणार नव्हतं.

"म्हणूनच पट्ट्या घेऊन आले," मी म्हटलं. "सकाळी मधल्या ओळी बघू."

"बघू," ती म्हणाली. मग उठली आणि उरलेल्या कळ्या बांधायला गेली. मीही दोरा घेतला. आम्ही दिसेनासं होईपर्यंत बांधत होतो.

सकाळी दव सुकायच्या आत आम्ही पुन्हा शेतात होतो. आम्हाला पाहून गुणवंतभाऊ धुरा ओलांडून आले. हा माणूस दादाच्या बरोबरीचा, दादाला खांदा देणाऱ्यांतला. त्यांनी स्वतः कधी दादाचं बी पेरलं नव्हतं, पण आता गटात नाव दिलं होतं. पुढच्या वर्षी त्यांच्याही वावरात मोरूभाऊचं वाण लागणार होतं.

"काय तपासून राह्यल्या रजनीताई?"

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, म्हणून सांगितलं.

ऐकून त्यांनी मागे वळून आपल्या शेताकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे माह्याच वावरातून आलं."

"कुठून आलं ते सांगता येत नाही," मी म्हटलं.

"दुसरीकून कुठून येईन? मंधात धुराच तं हाय. बीटीच्या पाकिटासंगं कंपनीवाले साधं बी देते, चारी बाजूनं पेरा म्हंते. म्या कधी पेरलं नाई. कोणीच पेरत नाई."

"गुणवंतभाऊ, ते अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून असतं," वहिनी म्हणाली. "त्यानं हे थांबलं नसतं. मधमाशीला धुरा समजत नाही. इथं फवारा नाही म्हणून सगळ्या शिवारातल्या माश्या इथं येतात. यांना त्याचं कौतुक होतं. मला बोलवून दाखवायचे, पाह्य, फुलात कशी लोळते."

मी पहिल्या झाडाचं पान तोडलं. नळीत टाकून काडीनं चुरगळलं, द्रावण घातलं आणि पट्टी बुडवून ठेवली. पट्टीवर ओल चढत जाते. एक रेष उमटली तर झाड स्वच्छ, दोन उमटल्या तर आत बीटी. आम्ही तिघं त्या नळीवर वाकून उभे होतो. पहिली रेष आली. आणि मग खाली, फिकट, पुसटशी वाटणारी दुसरी. बघता बघता ती पहिलीइतकीच ठळक झाली.

"दुसरं घे," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या झाडावर एकच रेष आली. तिसऱ्यावर दोन, चौथ्यावर दोन. उन्हं वर येईपर्यंत आम्ही ओळीमागून ओळ घेत गेलो. एका रेषेच्या झाडाला मी पांढरी चिंधी बांधत होते. चिंध्या मध्येमध्येच दिसत होत्या, आणि एखादी तरी ओळ पूर्ण पांढरी व्हावी म्हणून मी मनात धावा करत होते, पण तशी एकही निघाली नाही.

मला एक गोष्ट कळत नव्हती, आणि मी ती बोलून दाखवली. "या ओळीतल्या कळ्या तर दरवर्षी बांधल्या गेल्यात. मग इतकं खोल कसं गेलं? एखाद्या झाडात असतं तर गाठ सुटली असेल म्हटलं असतं. हे तर पूर्ण मुळातच बसलंय. सरकी काढताना कुठं मिसळलं का?"

"सरकी मी घरी हातानं काढते," वहिनी म्हणाली.

"मग?"

चिंधी बांधलेल्या एका झाडाजवळ ती उकिडवी बसली होती.

"दादाच्या वेळचं जुनं बी आहे का थोडं? डब्यात, मडक्यात कुठं?"

"नाही," ती म्हणाली. "ते गेलं. ओल लागून बुरशी आली होती."

मग मी माझा बेत सांगितला. स्वच्छ निघालेली झाडं ठेवायची, बाकीची आजच उपटायची. चिंधीवाल्यांच्या कळ्या बांधायच्या, त्यांचं बी पुढच्या वर्षी पुन्हा तपासायचं, पुन्हा निवडायचं. काही वर्षं जातील, पण जनुक बाहेर काढता येईल. मी भराभर बोलत होते. प्रयोगशाळेतून पट्ट्या आणण्याचं, रजा काढून दर हंगामात येण्याचं, सगळं बोलून टाकलं.

वहिनीनं समोरच्या झाडाचं पान तोडलं, उलटं केलं आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग ते माझ्या हातात दिलं.

"लव बघ."

मी अंगठा फिरवला. पान गुळगुळीत होतं.

"दोन वर्षांपासून असं होऊन राह्यलं," ती म्हणाली. "तुडतुडे बसतात. गेल्या साली पाऊस लांबला तर दुपारी माना टाकल्या झाडांनी. मी मनाला समजावत होती, जमीन थकली असेल. ते जनुक तू काढशील रजनी. पण त्याच्यासंगं जे दुसरं सगळं आलं, ते कसं काढशील? हे झाड स्वच्छ आहे, पण यांचं नाही."

ते खरं होतं. ते मला तिच्याआधी कळायला हवं इतकं मी शिकले होते, आणि कळतही होतं. फक्त मला ते ऐकायचं नव्हतं.

गुणवंतभाऊ पुढे आले. "वहिनी, उपटू नोका. मले द्या हे बी. माह्या वावरात तसंबी तेच हाय, मले काय फरक पडते? झाड तं चांगलं हाय. गटाले नाई चालत तं नोको चालू. मोरूभाऊचं म्हून मी लावतो."

"काय म्हणून द्यायचं मी तुम्हाला?" वहिनी शांतपणे म्हणाली. "तुम्ही चार जणांना द्याल. ते आणखी चौघांना देतील. सगळे म्हणतील, हे मोरूभाऊचं. पाऊस लांबला की झाड मान टाकेल, अन् लोक म्हणतील, मोरूभाऊचं वाण असंच होतं. त्यापेक्षा नव्हतंच म्हटलेलं बरं."

ती उठली. दुपट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला.

"तुमचा चिमटा द्या," ती गुणवंतभाऊंना म्हणाली.

पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटायचा लोखंडी चिमटा असतो. बुंधा त्यात धरायचा आणि दांडा दाबायचा, की झाड मुळासकट येतं. ते काम उलंगवाडीला, म्हणजे शेवटची वेचणी संपून झाडं वाळल्यावर करायचं. फुलाबोंडांनी भरलेल्या हिरव्या कपाशीला चिमटा लावताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. गुणवंतभाऊंनी दोन चिमटे आणले. एक वहिनीच्या हाती दिला, दुसरा स्वतः घेतला आणि काठाकडच्या बाजूनं सुरुवात केली. मधल्या ओळींना त्यांनी हात लावला नाही.

त्या वहिनीनं स्वतः काढल्या. पाऊस होऊन गेल्यानं माती मऊ होती, झाडं फारसा जोर न लावता येत होती. मी मागून उचलून ढीग घालत होते. कालच्या बांधलेल्या कळ्यांवर दोरे तसेच होते. चिंधीवाली झाडंही तिनं सोडली नाहीत. दुपार झाली तरी ती पाणी प्यायला थांबेना. शेवटी मी तिच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि तिला कडुनिंबाखाली नेऊन बसवलं.

गुणवंतभाऊ लांब, पलीकडच्या टोकाला होते. त्यांच्या चिमट्याचा आवाज तेवढा येत होता.

"तू विचारलं ना मघाशी, इतकं खोल कसं गेलं," वहिनी म्हणाली.

मी तिच्याजवळ खाली बसले.

"यांना घेऊन आम्ही तुझ्याकडे आलो, तेव्हा कपाशी फुलावर येत होती. आठवते?"

आठवत होतं. ऑगस्टच्या शेवटी दादाला नागपूरला आणलं होतं. माझ्या घरून दवाखाना जवळ म्हणून दोघं माझ्याकडेच राहिले. दिवाळीच्या आधी तो गेला. तोवर वहिनी एकदाही गावी गेली नव्हती.

"रोज संध्याकाळी विचारायचे," वहिनी म्हणाली. "बोलवत नव्हतं, तरी विचारायचे. कळ्या बांधल्या का?"

"तू सांगायचीस, मोहोडांच्या मीराबाई बांधतात."

"हो."

"मी तिथंच असायचे, वहिनी."

"मीराला मी सांगितलंच नव्हतं. तिच्या घरची कपाशी, तिची सून बाळंत झालेली. अन् तिला कोणती ओळ कुठली ते काय माहीत? ते यांना अन् मला. एक दिवस यांनी म्हटलं, तू जा, चार दिवस राहून ये, रजनी आहे इथं. मी म्हटलं, कशाला, मीरा करते ना, काल निरोप आला होता, सगळ्या बांधून झाल्या. मग झोप लागली त्यांना. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं."

ती पायाच्या बोटांतली माती काढत होती.

"घर बंद होतं सगळा पावसाळा. परत आली तर मागच्या वर्षांचं बी ओलीनं गेलेलं. वावरात जे उभं होतं तेवढंच उरलं होतं. न बांधलेलं. मला माहीत होतं ते. तेच वेचलं, तेच पेरलं. म्हटलं, एका वर्षानं काय होते? पुढं तर रोज बांधू. एक संध्याकाळ चुकवली नाही मी त्यानंतर."

"म्हणून पानं पाठवली नाहीस."

"म्हणून."

वाऱ्यावर उपटलेल्या झाडांचा हिरवा, कच्चा वास येत होता. ढिगातली फुलं अजून उघडी होती आणि काही माश्या त्यांच्यावर फिरत होत्या.

"मी चार दिवस आली असती," वहिनी म्हणाली, "तर हे राह्यलं असतं. पण त्या चार दिवसांत ते गेले असते तर? तू सांग. तू काय केलं असतं?"

मी तिचा हात धरला. चिमट्यानं तळव्याला फोड येऊन फुटला होता. दादाच्या उशाशी बसून खोटं बोलणाऱ्या वहिनीचा आवाज मी ऐकला होता, त्या आवाजात कुठंही कंप नव्हता, आणि तो ऐकून दादाच्या कपाळावरची आठी जायची, तीही मी पाहिली होती.

"तो शांत गेला, वहिनी," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "तेवढं झालं."

मग ती रडली. दादाच्या वेळी ती लोकांसमोर रडली नव्हती. आलेल्यागेलेल्यांचं चहापाणी बघत राहिली होती. तिचं ते रडणं इतक्या उशिरानं, उपटलेल्या शेताच्या कडेला आलं. गुणवंतभाऊंनी लांबून पाहिलं, चिमटा खाली ठेवला आणि पाठ वळवून उभे राहिले.

संध्याकाळपर्यंत मधल्या ओळी निघाल्या. बाकीचं शेत दुसऱ्या दिवशी मोहोडांच्या घरच्यांनी मिळून काढलं. बोंडं फुटायच्या आत सगळं वाळवून जाळलं. गटाला मी जे होतं तेच लिहून कळवलं. त्यांनी दोन वर्षं दुसरीकडे बी शोधलं. जे मिळालं त्यातही तेच निघालं म्हणतात. पुढे तो गट मोडला.

वहिनी त्यानंतर नऊ वर्षं होती. तिनं पुन्हा कपाशी लावली नाही. पहिली एकदोन वर्षं ज्वारी पेरली, मग गुडघे धरले तसं वावर गुणवंतभाऊंना मक्त्यानं दिलं. त्यांनी मुद्दाम येऊन विचारलं होतं, "वहिनी, काय लावू?" ती म्हणाली, "जे लावता ते लावा." त्यांनी मधला धुरा तोडून दोन्ही वावरं एक केली.

गेल्या आश्विनात मी तिच्या वर्षश्राद्धाला गावी गेले होते. परतताना गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उतरले. टेकडीपासून नाल्यापर्यंत एकसारखी कपाशी उभी होती, एकाच उंचीची, एकाच हिरव्या रंगाची. आमचं वावर त्यात कुठून सुरू होत होतं ते मला ओळखता आलं नाही. मी फुलांकडे बराच वेळ पाहत उभी राहिले. एकाही फुलावर माशी नव्हती.